तरहीलमधली इस्मत

“परत ने,” इस्मत म्हणाली.

भाताचं मोठं ताट दारातून आत सरकवणाऱ्या नौफला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली. ही सौदी पोरगी पहाऱ्यावर नुकतीच लागली होती. कोंडलेल्या बाईनं जेवण परत केलं तर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“भात चांगला आहे,” ती अरबीत म्हणाली.

“असेल. त्या पोरीला दवाखान्यात न्या, मग खाऊ.” इस्मतचं अरबी स्वयंपाकघरात शिकलेलं, पण खणखणीत होतं. तिनं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि उंबऱ्याबाहेर ठेवलं.

इस्मत परकार मूळची दाभोळची. नवरा गेल्यावर रियाधला एका म्हाताऱ्या सौदी बाईकडे स्वयंपाकाला आली. म्हातारीच तिची कफील, म्हणजे सरकारदरबारी तिची हमी घेणारी मालकीण होती. ती वारली आणि तिच्या मुलांनी इस्मतचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे वाढवलाच नाही. मग रियाधच्याच अल मलाझ भागातल्या एका खोलीत ती कोकणातल्या एकट्या राहणाऱ्या माणसांचे डबे करू लागली. पुढे परक्यांना काढून सौदींना कामं द्यायच्या सौदीकरणाचा जोर वाढला, कागद नीट करून घ्यायची मोहलत संपली आणि धाडी सुरू झाल्या. इस्मतला चुलीपुढून उचललं. गॅस तेवढा बंद करू दिला.

तरहील म्हणजे देशाबाहेर काढायच्या माणसांना कोंडून ठेवायची जागा. बायकांसाठी एकच लांबलचक हॉल होता, आणि त्यात देशोदेशीचे कोपरे पडले होते. आली तेव्हा इस्मतनं पाहिलं, तर एका बादलीवरून झिंज्या उपटणं चाललं होतं. तिनं आंघोळीला पाळ्या लावल्या. लेकुरवाळ्यांना पंख्याखाली जागा दिली. चहासाठी पाण्याच्या बाटल्या कापून पेले केले. फरशी रोज पुसली गेलीच पाहिजे, यावर ती अडून बसे. “चोऱ्या केल्यात काय आपण? मग घाणीत का म्हणून ऱ्हवायचां?” ती मराठीतच बोले आणि सगळ्यांना बरोबर कळे.

आदल्या दिवसापासून इथिओपियाची हिरूत पोट धरून पडली होती. हॉलमध्ये साताऱ्याची कौमुदी नावाची नर्स होती. तिचं क्लिनिक बंद पडल्यावर ती परवान्याशिवाय दुसरीकडे काम करताना पकडली गेली होती. तिनं हिरूतच्या पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला.

“आपा, अपेंडिक्स असणार. फुटलं तर पोरगी हातची जाईल.”

दारावर हात आपटून आपटून सगळ्या थकल्या. आल्या त्या नुसत्या तापाच्या गोळ्या. “नाटकं आहेत सगळी,” असा इथल्या मुख्य बाईंचा निरोप आला. त्यांना सगळे मुदीरा म्हणत. म्हणून आज इस्मतनं ताट बाहेर ठेवलं होतं.

नौफ दुसरं ताट घेऊन इंडोनेशियाच्या बायकांकडे गेली. त्यातली म्हातारी इस्मतकडे बघत राहिली, मग तिनं ताटाकडे पाठ केली. फिलिपिनो बायकांनी आपलं ताट स्वतःच उचलून बाहेर नेलं. सगळ्यांत शेवटी एक हैदराबादची बाई उठली. “भूक तो लगी है, लेकिन ठीक है,” असं पुटपुटत तिनंही नेलं. लहान पोरांपुरता भात मात्र इस्मतनं काढून घ्यायला लावला.

थोड्या वेळानं मुदीरा स्वतः आली.

“इस्मत कोण?”

“मी.”

“आज दुपारी मुंबईच्या विमानात तुझी जागा आहे. या बायकांना जेवायला बसव आणि चल. नाहीतर तुझी जागा दुसरीला. मग पुन्हा केव्हा, ते मी सांगू शकत नाही.”

दाभोळला तिची आई अंथरुणाला खिळली होती. भाऊ मुझम्मिल फोनवर सांगत होता, तिनं अन्न सोडलंय, डोळे उघडले की एकच विचारते, “इस्मत आली काय रे?”

कौमुदीला हे ठाऊक होतं. ती हळूच म्हणाली, “आपा, तुम्ही जावा. मी बघते हिथलं.”

“मी गेली की सगळ्या खायला बसतील. मना ठाऊक हाय गो. भूक कुणाला सुटलीय?” मग ती मुदीराकडे वळली. “जागा दुसरीला दे.”

“मूर्ख बाई. ही तुझी कोण लागते?”

“कोणी नाही. पण ती माझ्यासमोर मरणार नाही.”

मुदीरा निघून गेली. हॉलमध्ये फक्त हिरूतचं कण्हणं ऐकू येत होतं. इस्मत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. विमानाची वेळ आली आणि टळली. मग ऊन कलल्यावर दार उघडलं आणि स्ट्रेचर आत आलं.

ऑपरेशन नीट झाल्याची बातमी नौफनं आणली. इकडेतिकडे बघून, जाता जाता, इस्मतच्या कानात ती सांगून गेली. मुंबईच्या विमानानं जाणाऱ्यांची नावं मात्र दोनदा पुकारली गेली, आणि त्यात इस्मत नव्हती. पुढच्या जुम्म्याला फोनवर बोलायची पाळी आली, तेव्हा पलीकडे मुझम्मिल नुसता रडत होता. आईचं दफन उरकलं होतं.

इस्मत आपल्या जागी येऊन बसली. तिच्या तोंडाकडे बघून कौमुदी काय ते समजली. तिनं विचारलं, “आपा, आईंचं नाव काय?”

“खतीजा.”

कौमुदीनं ते शेजारणीला सांगितलं. नाव हॉलभर फिरलं. कुणाच्या तोंडी खादिजा झालं, कुणाच्या कातिजा. एकेक करून बायका इस्मतभोवती येऊन बसल्या. मुसलमान बायकांनी तळहात उघडले, फिलिपिनो बायकांनी छातीवर क्रूस काढला. कौमुदीनं हात जोडले. जिची तिची भाषा, पण मधूनमधून ते एक नाव सगळ्यांच्यात ऐकू येत होतं.

दार धाडकन उघडलं. “ही गर्दी कसली?” मुदीरा ओरडली. “यल्ला, उठा! आपापल्या जागेवर!”

कुणीही उठलं नाही. इस्मतनं मान वळवली नाही, पसरलेले हातही खाली घेतले नाहीत.

“थांब जरा,” ती म्हणाली. “आमीन म्हणायचं राहिलंय.”