सांता ब्रिखिदा अखाड्याचा शेवटचा रविवार

सांता ब्रिखिदा अखाड्याच्या जागी आता सोफ्यांचं गोदाम आहे. मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरातली ती गल्ली मात्र अजून पत्ता सांगताना 'अखाड्यामागे' असंच म्हणते. तिथले पैलवान मुखवटा घालूनच लढायचे, चेहरा कुणाला दिसू द्यायचे नाहीत. एक्केचाळीस वर्षांत तिथे मुखवट्याची पैज हरल्याशिवाय एकाही पैलवानाचा मुखवटा उतरला नव्हता. शेवटच्या रविवारी दुपारी यारेत्सी तिसऱ्या रांगेत बसली होती, मांडीवर चार महिन्यांची मुलगी घेऊन. मुखवट्यातला पैलवान 'निळा विंचू' म्हणजे तिचा नवरा रुतिलिओ, हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. दोघं घरून निघायची तीसुद्धा वेगवेगळ्या बसने.

विंचू रिंगच्या दोरांवरून बाहेर झेपावला. खाली उभ्या असलेल्या 'ज्वालामुखी'ने, त्याच्याशी लढणाऱ्या पैलवानाने, त्याला झेलायचं, हे ठरलेलं. पण ज्वालामुखीचा पाय सरकला आणि विंचू मानेवर आदळला.

"ऊठ रे विंचवा, लाडात येऊ नकोस!"

"अंगाई म्हणा त्याला, अंगाई!"

सगळे हसले. शेजारच्या वयस्क दोन्या क्लेताने तिखट शेंगदाण्यांचा पुडा पुढे केला. "नाटकं गं पोरी. चाळीस वर्षं बघतेय मी."

पण ज्वालामुखीने पडलेला हात दाबला, पुन्हा दाबला. मी ठीक आहे, असं सांगायला पैलवान उलट हात दाबतात. तो हात तसाच पडून राहिला. मुखवट्याच्या तोंडाशी लाल ओल पसरली आणि आतून घरघर ऐकू आली.

रुग्णवाहिकेवरचा तरुण कात्री घेऊन धावला.

"मुखवट्याला हात लावायचा नाही!" अख्खा अखाडा उठला. कुणीतरी बियरचा पेला भिरकावला.

ज्वालामुखीने त्या तरुणाचं मनगट धरलं. "बाहेर नेऊन काढ ना बाबा."

"हलवलं तर मान जाईल, नाही काढला तर गुदमरेल. घरचं कुणी आहे का याचं?"

'मेलो तरी मुखवटा काढू द्यायचा नाही,' असं रुतिलिओने लग्नाआधी वदवून घेतलं होतं. तिनेही हसत मान डोलावली होती. यारेत्सी बाळाला खांद्याशी धरून उठली.

"मी बायको आहे. कापा."

मागून कुणी ओरडलं, "थापा मारते ती!"

दोन्या क्लेताने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बाळाकडे. शेंगदाणे खाली टाकून ती रिंगकडे पाठ करून उभी राहिली.

"डोळे फाडून काय बघताय, बैलांनो? फिरा तिकडे! सगळे!"

खुर्च्या करकरल्या. रांगेमागून रांग फिरली. विंचवाचं डोकं स्थिर धरून बसलेल्या ज्वालामुखीने डोळे मिटून घेतले. कात्री चालू लागली. बाळाला घेऊन त्याच्याशेजारी येऊन बसलेली यारेत्सी एकटीच बघत होती.

खोकला आला, रक्त आलं, मग एक लांब, ओरखडणारा श्वास.

"घेतोय का गं?" दोन्या क्लेताने मान न वळवता विचारलं.

"घेतोय."

रुतिलिओने डोळे उघडले. उघड्या गालाला वारा लागताच त्याला सगळं कळलं. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की तिला मागे सरावंसं वाटलं.

"कुणी सांगितलं होतं तुला?" तो पुटपुटला.

"कुणीच नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या ओठांवरचं रक्त पुसत राहिली.