चौकातली पिवळी रेघ

“बाई, तीनदा केलं. तीनदा तेवढंच येतंय.”

सातवीतली टाचणी माझ्या टेबलापाशी वही उघडून उभी होती. अंगानं बारीक आणि बोलणं टोचणारं, म्हणून वर्गानं तिचं हे नाव पाडलं होतं. वहीत शाळेच्या चौकाची आकृती होती. मधोमध उभी काठी, तिच्याभोवती खडूचं वर्तुळ, सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक वर्तुळाला जिथं टेकलं ते दोन ठिपके, आणि त्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधून काठीकडे ओढलेली रेघ. ही झाली उत्तर-दक्षिण. साधा प्रयोग, मीच दरवर्षी करायला लावते. फक्त टाचणीची रेघ मी चौकात रंगवलेल्या पिवळ्या रेघेवर येत नव्हती. बारा अंशांनी बाजूला जात होती.

त्या पिवळ्या रेघेबद्दल सांगायला हवं, कारण या शाळेत माझं काही नाव असेल तर ते तिच्यामुळे आहे. भिंतीवर नकाशा टांगला की मुलांना उत्तर म्हणजे छत वाटतं. उत्तर कुठे असं विचारलं की चाळीस बोटं पंख्याकडे. बावीस वर्षांपूर्वी मी या प्रकाराला कंटाळले, होकायंत्र घेतलं, चौकात गुडघ्यांवर बसले आणि फरशीवर वीतभर रुंद, पंधरा पावलं लांब रेघ रंगवली. तेव्हापासून आमचा नकाशा भिंतीवर नसतो. तो आम्ही खाली नेतो, रेघेला धरून अंथरतो आणि चपला काढून त्याच्यावर उभे राहतो. माझ्या मुलांना झोपेतून उठवून विचारा, हात बरोबर रेघेच्या दिशेनं जाईल. मागून सगळे मला होकाबाई म्हणतात. मला ते माहीत आहे आणि आवडतंही.

यंदाचं वर्ष संपलं की मी निवृत्त होणार होते. हेडसर माझेच विद्यार्थी. त्यांनी निरोपाची भेट म्हणून दगडी दिशाचक्र करवून घेतलं होतं. गोल काळा दगड, त्यावर कोरलेला बाण आणि बाणाखाली माझं नाव. शनिवारी गवंडी येऊन तो दगड पिवळ्या रेघेच्या टोकाला, रेघेला धरून कायमचा बसवणार होता. आणि हा होता गुरुवार.

“काठी तिरकी असेल,” मी टाचणीला म्हणाले.

“ओळंबा लावला होता, बाई. बाबांचा आणला घरून.”

“मग वर्तुळ वाकडं.”

“दोरीनं काढलंय.”

वर्ग माना वर करून ऐकायला लागला. त्या दिवशी सदतीस वह्या तपासून झाल्या होत्या आणि सदतीस रेघा पिवळ्या रेघेवर चपखल बसल्या होत्या. अडतिसावी तेवढी आडवी आली. तेव्हा मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते.

“हे बघ,” मी ठणकावून सांगितलं, “होकायंत्राची उत्तर आणि सूर्याची उत्तर यांत थोडा फरक असतोच. तोच हा फरक. लिहून घे.”

फरक असतो हे खरं. पण आमच्या भागात तो एका अंशाचाही नाही आणि हे मला टाचणीच्या जन्माच्या आधीपासून ठाऊक आहे. ती “असं होय,” म्हणाली. तीन दिवस उन्हात उभं राहून काढलेल्या रेघेखाली तिनं माझी थाप वळणदार अक्षरात लिहून घेतली.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आमचे हे मशीनवर बसले होते. शिवणकाम त्यांचं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मी पिशवी खाली ठेवायच्या आत सगळं सांगून टाकलं.

“बारा अंश म्हणजे किती गं?” त्यांनी मशीन न थांबवता विचारलं.

“सरळ चालायचं ठरवून निघालात, तर शंभर पावलांवर वीस पावलं भलतीकडे.”

“म्हणजे मी दवाखान्यात निघालो की डेअरीत पोचणार. वाईट नाही.”

“चेष्टा नकोय. दगडावर माझं नाव आहे.”

मशीन थांबलं. “एकदा एका सदऱ्याला माझ्या हातून बाही उलटी लागली होती. गिऱ्हाईक खुशीत घेऊन गेलं, त्याला पत्ताच नाही. तो सदरा समोरून यायला लागला की मी गल्ली बदलायचो.”

“मग?”

“मग काय, एक दिवस त्याला बोलावलं, बाही उसवली, फुकट लावून दिली.”

“तो काय म्हणाला?”

“चार शिव्या दिल्या. आपल्या हातचं होतं, ऐकून घेतल्या.” आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

शुक्रवारी मी शिपाईमामांना सांगितलं, आज चौकात कोणी खेळायचं नाही. सकाळी स्वतः काठी उभी केली, ओळंबा लावला आणि प्रत्येक तास संपला की जिना उतरून सावली बघून आले. दुपारी दुसरा ठिपका पडला आणि मी रेघ ओढली. टाचणीच्या खडूच्या खुणा फरशीवर अजून पुसट दिसत होत्या. माझी रेघ नेमकी तिच्या रेघेवरून गेली.

मामा झाडू टेकवून बघत होते. “मग पिवळी कशी चुकली, बाई? तुम्ही तर अख्खी दुपार बसून केली होती. रंगाचा डबा मीच धरला होता की.”

“तेच कळत नाहीये, मामा.”

“तुमच्याकडं नुकताच सामानाच्या खोलीचा ताबा आला होता तेव्हा. काय तो रुबाब! चाव्या खुळखुळल्या की आम्ही आपले उठून उभे.”

चाव्या. त्या खोलीचा ताबा शाळेत पहिल्यांदाच एका बाईकडे आला होता आणि एकवीस लोखंडी चाव्यांचा जुडगा मी कमरेला लावून मिरवत असे. मामांकडून मी तो जुना जुडगा मागवला, कमरेला अडकवला, होकायंत्र फरशीवर ठेवलं आणि त्या दिवशीसारखी त्याच्यावर वाकले. सुई थरथरली, वळली आणि पिवळ्या रेघेवर जाऊन स्वस्थ बसली. होकायंत्राजवळ लोखंड आणू नये, हे मी पाचवीला पहिल्याच आठवड्यात शिकवते.

चूक सापडली याचा मला खरं तर आनंदच झाला. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. बावीस वर्षं मुलं हा प्रयोग करत होती आणि बावीस वर्षं प्रत्येकाची रेघ बरोबर पिवळीवर येत होती. म्हणजे पोरं सावली बघतच नव्हती. माझी रेघ बघून ठिपके सरकवत होती आणि मी त्याला दहापैकी दहा देत होते. खरोखर सावली बघणारी एकच निघाली आणि तिचं तोंड मी बंद केलं.

हेडसरांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. “बाई, दगड तयार आहे, पाहुण्यांना बोलावून झालंय. बारा अंशांनी कोणाचं काय बिघडतंय? मी त्याच रेघेवर शिकलो. माझं काही अडलं का?”

“तू ठिपके कसे काढले होतेस?” मी विचारलं. शाळेत मी त्यांना अहोजाहो करते, पण त्या वेळी भान राहिलं नाही.

ते दाराकडे बघून घेत हळूच हसले. “आधी रेघ बघितली, मग ठिपके दिले. सगळेच तसं करायचे, बाई.”

“दगड खऱ्या उत्तरेला बसेल,” मी म्हणाले. “नाहीतर त्याच्यावरचं माझं नाव घासून काढा.”

शनिवारी सकाळी मुलं रांगेत उभी असताना मी माईक मागून घेतला. चारचौघांत बोलायला मला कधी भीती वाटली नाही, तेव्हाही वाटली नाही.

“चौकातली पिवळी रेघ चुकलेली आहे,” मी म्हणाले. “कमरेला चाव्या लावून होकायंत्र बघितलं म्हणून चुकली. चूक माझी. सातवीतल्या एका मुलीनं ती तीनदा पकडली आणि मी तिला खोटं सांगून वाटेला लावलं. खोटं आहे हे मला सांगतानाच माहीत होतं.”

मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. मी टाचणीला पुढं बोलावलं आणि माझं पेन दिलं.

“ते वाक्य खोड.”

तिनं वही उघडली, पान काढलं आणि माझ्याकडे बघितलं. “पट्टी आहे का, बाई?”

एका शिक्षकांनी पट्टी दिली. तिनं ती नीट लावून एका रेघेत वाक्य खोडलं आणि पेन टोपण लावून परत केलं.

गवंड्यानं दगड टाचणीनं ताणून धरलेल्या दोरीला लावून बसवला. फरशीच्या ओळींशी त्याचा बाण काही केल्या जुळेना आणि हेडसरांना ते बघवेना. निदान पिवळी रेघ तरी आजच्या आज घासून टाका, असं त्यांनी मामांना फर्मावलं. मी मध्ये पडले.

“झिजायची तेव्हा झिजेल,” मी म्हणाले. “तोवर दोन्ही दिसू देत.”

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मी जिना उतरत होते. पाचवीतली पाच-सहा मुलं दगडाभोवती जमली होती आणि टाचणी त्यांना समजावून सांगत होती.

“ही बाईंची उत्तर,” तिनं पिवळ्या रेघेकडे बोट केलं, “आणि ही खरी.”

“मग बाईंची कशाला ठेवलीय?”

“बाईंनीच ठेवायला सांगितलीय.”

मी पायरीवर थांबले. मनाला थोडं लागलं, नाही कशाला म्हणू. बावीस वर्षं जी सगळ्यांची उत्तर होती ती आता एकट्या माझी झाली होती. पण टाचणीच्या सांगण्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात घंटा झाली आणि मी तासाला गेले.