भोंग्यातला क्लाउडिना

देऊळघाटात कोणाचं लगन असो का साखरपुडा, आवाज माहाच असते. देवानंद साउंड सर्व्हिस. डीजेचे डबे आले तवापासून जुने पत्र्याचे भोंगे माळ्यावर पडून होते, पण म्या ते भंगारात जाऊ देल्ले नाही. ज्यायनं आपल्याले भाकर देल्ली ते किलोच्या भावानं इकाचे, असला माणूस मी नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी काऊन भडकलो ते समजन.

माही पोरगी पायल, एकुलती एक. अमरावतीले भूगर्भशास्त्र शिकली. दगडं शिकली म्हणा ना. आता तिले कलकत्त्याले संशोधनासाठी प्रवेश भेटला. समुद्रातल्या जनावरायनं पयल्यांदा अंगावर कवच कसं चढवलं, ते दगडातून शोधाचं म्हणे. म्या सरळ नाही म्हटलं.

"काऊन नाही?" पायल म्हणाली.

"दगडं काय बुलडाण्यात कमी हायेत?"

"इथले दगड लाव्हाचे हायेत, पप्पा. मले समुद्राच्या तळाचे पाह्यजेत. पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीचे."

म्या म्हटलं, एवढे दिवस थांबले त अजून थोडे थांबतीन.

खरं कारण येगळं होतं. पोरगी गेली का घरात मले गमणार नाही, बस एवढंच. पण असं काही बाप बोलून दाखवत नाही. त्यात माही बायको मंजुश्री पोरीच्या बाजूनं. तिनं पयले माह्याशी बोलणं सोडलं, मंग भाजीत मीठ टाकणं सोडलं.

शेवटी म्या एक अट घातली. "जयंतीच्या मिरवणुकीत तुह्या त्या जनावराची झाकी काढ. ते पाहून तुही आजी मले सांगन का त्यानं घर काऊन बांधलं, त तू जा."

आता माही माय तानाबाई कशी हाय, ते सांगतो. कोणी माइक हातात घेतला का ती झोपते. आमदार असो का सरपंच, तिसऱ्या वाक्याले तिची मान खाली. त्यामुळं अट म्या पुरा इचार करूनच घातली होती. पायलनं माह्याकडं पाह्यलं आन् "चालते" म्हणाली.

त्याच दिवशी जेवण झाल्यावर तिनं कागदी कप घेतले, बूड कापलं आन् एकात एक बसवून उभे केले. "हे पाहा, क्लाउडिना. बोटाच्या पेराएवढं जनावर. अंगाभोवती चुन्याची नळी करते. मोठं झालं का वरतून नवा कप चढवते आन् त्यात सरकते. जुन्यावर नवा, नव्यावर अजून नवा."

"आत कोण राहत होतं?" म्या इचारलं.

"तेच त पक्कं माहीत नाही. अंग मऊ होतं, सडून गेलं. घर तेवढं दगड होऊन राह्यलं."

"म्हणजे ज्या घराचा मालकच माहीत नाही, त्याच्यासाठी तू कलकत्त्याले जाऊन राह्यली."

"हाव," पायल म्हणाली आन् कप गोळा करून निघून गेली.

जयंती समितीचे अध्यक्ष शंकरराव मोडता घालतीन अशी मले आशा होती. पण मागच्या साली तीन झाक्या एकसारख्याच आल्या होत्या, त्यानं ते वैतागलेले होते. समुद्राचं जनावर म्हटल्यावर त्यायनं लगेच ट्रॅक्टर देऊन टाकला.

चौदा एप्रिलच्या सकाळी केबल काढाले माळ्यावर गेलो त माळा रिकामा. एक भोंगा नाही. खाली आंगणात आलो त वेल्डिंगवाला गुलाबराव चष्मा चढवून बसलेला, आन् त्याच्यापुढं माणसाएवढा पत्र्याचा मनोरा. माहे सारे भोंगे कापून, उलगडून, पत्र्याले पत्रा जोडून त्यानं मोठाले कप केले होते. खाली अरुंद, वर रुंद, एकात एक बसवलेले.

"माहे भोंगे कुठं हायेत?"

"कप झाले, पप्पा," पायल म्हणाली.

मी जे बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. गुलाबरावनं त्यातलं अर्धं वेल्डिंगच्या आवाजात आयकलंच नाही, हे एक बरं झालं.

जनावर होणार होता माहा साळा धम्मदीप. पण त्याले आत घालाले गेले त त्याचं पोट वरच्या कपातच अडकलं. चौघायनं ओढून काढला. मंग सारे माह्याकडं पाहू लागले, कारण घरात सुकलेला माणूस मी एकटाच. माह्या भोंग्यात दुसरं कोणी बसावं हे मले पाहवलं नसतं, म्हणून मी हो म्हटलं. पायलनं जुन्या गुलाबी ओढणीच्या झिरमिळ्या करून माह्या डोक्याले बांधल्या. हे म्हणे जनावराचे हात.

धम्मदीप इलेक्ट्रिशियन हाय, त्याले शिकारी केलं. "काही कवचायवर बारीक गोल भोकं सापडली हायेत, मामा," पायल त्याले सांगू लागली. "कोणीतरी बाहेरून कोरून आतलं खात होतं. तुमी मशीन घेऊन याचं, पण नुसतं जवळ धराचं." धम्मदीपनं मान हलवली. तो मान हलवते तवा त्यानं आयकलेलं नसते, हे म्या सांगाले पाह्यजे होतं.

पाचच्या सुमारास मिरवणूक बुद्धविहाराच्या चौकात आली. ट्रॉलीवर मी, मनोऱ्यातून डोकं बाहेर काढून, गुलाबी झिरमिळ्या हलवून राह्यलो. पत्रा तव्यासारखा तापलेला. डीजे बंद झाला आन् पायलनं माइक घेतला. म्या पाह्यलं, माय पुढच्याच खुर्चीवर, मान खाली. माहा जीव भांड्यात पडला.

"पयले समुद्रात सारे उघडेच होते," पायल सांगू लागली. "कोणाले दरवाजा लागत नव्हता. मंग एक दिवस कोणालेतरी दुसऱ्याची चव समजली."

धम्मदीप जनरेटरच्या वायरले लावलेली ड्रिल मशीन घेऊन ट्रॉलीवर चढला. मी आत खाली बसलो. लोकायनं शिट्ट्या मारल्या, धम्मदीपच्या अंगात आलं, आन् घर्रर्र करत त्यानं खरंच भोक पाडलं. माह्या कानाच्या बोटभर बाजूले. त्या भोकातून उन्हाची काडी आत आली आन् मी घामानं थबथबलेला, गुडघे छातीशी धरून, एकटाच बडबडू लागलो.

"पाडा भोक. भोंगे गेले, पोरगी चालली, आता कानही न्या. पायल गेली का मी कोणाशी भांडू? मंजुश्री त बोलतच नाही. मले घडीभर गमणार नाही घरात. रोज संध्याकाळी 'पप्पा, आवाज कमी करा' कोण म्हणन मले? म्हणून त अट घातली. माय झोपणार हे मले माहीतच होतं."

बाहेर सारं सामसूम झालं. मले वाटलं, झाकी संपली.

जिनगी भोंग्यात गेली माही. आन् खालून अरुंद, वरतून रुंद पत्र्याच्या बुडाशी बसून माणूस बोलला का काय होते, हे मले त्या वक्ती सुचलं नाही. माहा शब्दन् शब्द चौकाच्या त्या टोकाच्या पानटपरीपर्यंत गेला होता.

भोकाशी एक डोळा आला. पायलचा.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "सारं गाव आयकून राह्यलं."

"मंग तू कायले रडतं?" म्या इचारलं. तेही गावानं आयकलं.

तेवढ्यात पत्र्यावर काठी वाजली. "देवानंद, मी जागी हाय," मायचा आवाज. "माह्यावर आळ घेतं का बे, एवढ्या लोकायत?"

"जागी हायेस त सांग. त्या जनावरानं घर काऊन बांधलं?"

"भेवानं. कोणी खाईन म्हणून."

लोकायनं टाळ्या वाजवल्या. माही अट संपली. पण माय थांबली नाही.

"आन् तरी वरचं तोंड त्यानं उघडंच ठेवलं. नाही त आतल्या आत उपाशी मेलं असतं, येड्या."

आयकू आलं नाही असं म्हणता आलं असतं, पण त्या भोकाशी अजून तो डोळा होता. म्या तोंडातल्या तोंडात म्हटलं, "जा."

माह्या धंद्यात एवढा मोठा आवाज कधीच निघाला नव्हता. पानटपरीवाल्यानं तथून ओरडून इचारलं, "कधी जाऊन राह्यली?" मले वर या म्हणून सारे हाका मारू लागले. पण म्या आधी गुलाबी झिरमिळ्यायनं डोळे पुसले आन् मंग डोकं बाहेर काढलं. त्या रात्री भाजीत मीठ होतं.

जूनमध्ये मलकापूरहून तिले हावड्याच्या गाडीत बसवून देल्लं. मनोरा आंगणातच उभा हाय. गुलाबराव म्हणे, भोक फुकटात बुजवून देतो. म्या म्हटलं, राहू दे.

संध्याकाळी तिचा फोन येते. कलकत्ता दूर हाय, म्हणून मी जरा जोरानंच बोलतो. ती पयले थोडा वेळ आयकून घेते, मंग म्हणते, "पप्पा, आवाज कमी करा."