नखाचा कौल

जतीनने क्रेटमधला आणखी एक चिकू उचलला, अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडली आणि डोळे बारीक करून पाहिलं. खाली पिवळट. म्हणजे खेळायचं. त्याने मोबाइलवर बोट दाबलं.

चिखले गावात चिकू तयार झाला की नाही, हे असंच बघतात. सालीखाली हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळट दिसलं तर काढायचा. पण त्यासाठी झाडावरचा एखादाच चिकू खरवडतात. जतीन दुपारपासून पोकरच्या दर डावाला एक खरवडत होता. हिरवं आलं की डाव सोडायचा, पिवळं आलं की पैसे लावायचे. सुरुवातीला पिवळ्यावर लागोपाठ राजे-राण्या आल्या. मग काय, बेट्याला देवच भेटला!

दुसरी खूण सत्तीची. मधल्या उघड्या पानांत सत्ती आली की तो हरायचा. आज ती पुन्हा पुन्हा आली होती आणि प्रत्येक वेळी त्याला धुऊन गेली होती.

पैसे त्याचे असते तर एक वेळ ठीक. ते रखमाबाईचे होते. त्याच्या वाडीत चिकू काढणारी रखमाबाई कित्येक वर्षं मजुरीतले थोडे त्याच्याकडेच ठेवत आली होती. घरी नेले तर मुलगा, काळ्या, पिऊन टाकायचा. आज ती ते मागणार होती. घरासाठी पत्रे ठरवून आली होती. अर्धे जतीनने आधीच घालवले होते. उरलेल्यांचे संध्याकाळपर्यंत दुप्पट झाले नाहीत, तर तिला तोंड दाखवायची सोय नव्हती.

"शेठ, काम झालं," झाडांआडून तिची हाक आली. "येव का?"

"थांब जरा! फोनवर आहे."

हातात दोन राण्या आल्या. त्याने घाईघाईने नख लावलं. पिवळं! मधली पानं उघडली, त्यांत किलवर सत्ती. सोडावं का? पण नखाने कौल दिला होता, आणि वडिलांपासून या वाडीत नख कधी चुकलं नव्हतं. त्याने होतं नव्हतं ते सगळं लावलं.

शेवटचं पान उघडलं. चौकट सत्ती. तिसरी सत्ती समोरच्या खेळाडूच्या हातात होती; तीन सत्त्यांनी दोन राण्या खाल्ल्या.

जतीन मोबाइलवरच्या शिल्लकेतल्या शून्याकडे बघत राहिला.

रखमाबाई कापडी पिशवी घेऊन समोर उभी राहिली. "पतरं आशागडला आलं, शेठ. आज पैसं दे माना." मग तिचं लक्ष क्रेटकडे गेलं. एकेका चिकूवर नखाचा ओरखडा, त्यातून चीक गळलेला. तिचा चेहरा पडला.

"अरे देवा. हे आमच्या रोशनीचं काम. नवी सून हाय, तिला कळत नाय, सगल्यांना नख लावलं तिनं."

"रखमाबाई, ते..."

"तिला बोलू नको, शेठ. नासलेल्याचं पैसं माझ्यातून काप. बाकीचं दे."

जतीनने चिकाने काळा पडलेला अंगठा मुठीत दडवला. रखमाबाई पिशवीचं तोंड उघडून धरून उभी होती.