फ्रीजमधल्या दोघी

तक्रार

सासूबाई राहायला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक बॅग, एक काठी आणि दोन गिनीपिग होत्या. बॅग आणि काठी घरात गेली. पेच पडला तो गिनीपिगांवरून.

लेकीला दमा. गिनीपिगांचं वाळलेलं गवत, त्याची धूळ, वर अंगाचे केस. दुसऱ्याच दिवशी ती पंप तोंडाला लावून खिडकीत बसली. डॉक्टर म्हणाले, जनावरं घराबाहेर. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "मग मीही निघते."

"आई, असं काय करतेस? बाथरूममध्ये पडलीस तेव्हा दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता."

"ह्या दोघींनी ओरडून ओरडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून शेजारीण आली. तू नव्हतीस ओरडायला."

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. जावई फ्रीज दुरुस्त करायचा; बंद पडलेलं काहीही समोर आलं की त्याच्या हाताला खाज सुटायची.

"मागच्या अंगणात घर करून देतो त्यांना," तो म्हणाला. "थंडी आत शिरली तर नाव बदलीन."

"तुमचं नाव बदलून माझ्या ठकीला काय मिळणार?" सासूबाई चिमुकल्या गिनीपिगला गोंजारत म्हणाल्या. पण मग त्यांनीच तोड काढली. "बघू. एकजण जरी आजारी पडली, तरी मी माझ्या घरी. मग अडवायचं नाही."

सुटे भाग

एक उभा फ्रीज, मेलेला. कॉम्प्रेसर काढलेला, गॅस आधीच नीट उतरवून घेतलेला. आडवा केला की लांबलचक पेटी.

विटांचे चार खांब, म्हणजे जमिनीची ओल वर येणार नाही.

आत एक उलटा लाकडी खोका, लपायला. गिनीपिग हा भित्रा जीव. डोक्यावर छप्पर नसेल तर त्याला घास उतरत नाही, हे सासूबाईंनी सांगितलं.

दाराच्या मधोमध चौकोन कापून बसवलेली जाड पारदर्शक शीट. तिला खाली बारीक भोकांची एक ओळ.

आणि दाराच्या चारही कडांना रबर. नवंकोरं.

"मांजर?"

"कडी आहे ना, आई," जावई म्हणाला. "दोन कड्या."

"उंदीर?"

"पत्रा कुरतडणारा उंदीर अजून जन्माला यायचाय."

"पाऊस तिरका आला तर?"

"वर पत्रा पुढे काढलाय. हातभर."

"आणि ही मामलेदारीण भांडते ठकीशी. एकीला कोपऱ्यात गाठलं तर?"

"खोक्याला दोन दारं ठेवतो. एकीने आत घुसायचं, दुसरीने पळायचं."

"हं. हे बरं केलंत."

चाचणी

मग जावयाने ती गोष्ट केली, जी तो प्रत्येक गिऱ्हाइकासमोर करायचा. कागदाचा एक कपटा दारात धरला, दार लावलं, आणि कपटा ओढला. निघेना. फाटला, पण निघाला नाही.

"हे बघा. वारा सोडा, ह्या फटीतून मुंगीसुद्धा शिरणार नाही."

सासूबाईंनी तोंड उघडलं. मग मिटलं.

"धंदा तुमचा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला जास्त कळतं."

दोघी आत गेल्या. मामलेदारीण काळी-पांढरी, अंगाने भारी. तिने लगेच खोका ताब्यात घेतला. ठकी तांबूस, चिमुकली. ती शीटपाशी बसून बाहेर बघत राहिली. त्या आठवड्यात थंडी कडकडून पडली. जावयाने आत हात घालून पाहिला. ऊब! त्याला स्वतःचाच हेवा वाटला.

सासूबाई रोज सकाळी काठी टेकत मागे जायच्या, शीट पुसायच्या, गवत बदलायच्या, आणि काही न बोलता परत यायच्या. लेक नवऱ्याला म्हणाली, "आई रुळली हं." तिचा पंप कपाटात गेला होता. सगळं कसं जागच्या जागी.

मग ठकी शिंकली.

आधी एकदा, मग येता-जाता. डोळे चिकटले, नाक वाहायला लागलं, काकडीचा तुकडा तोंडाशी नेला तरी तिने मान फिरवली. जनावरांच्या डॉक्टरीण बाईंनी औषध दिलं, पिचकारीने पातळ खाणं भरवायला सांगितलं आणि जाता जाता विचारलं, "ठेवता कुठे हिला? अंगाला ओलसर वास येतोय."

सासूबाईंनी घरी आल्यावर बॅग काढली. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. साड्यांच्या घड्या घालायला बसल्या. लेक दारात उभी राहून बघत होती आणि जावई लेकीकडे.

"उद्या सोडाल ना मला?" सासूबाईंनी विचारलं.

गिऱ्हाईक

दुसऱ्या दिवशी सकाळी एक काम होतं. ते उरकून सासूबाईंना सोडायचं ठरलं. एका स्वयंपाकघरात नवाच फ्रीज, आणि बाई वैतागलेली.

"आत नुसतं पाणी साठतंय हो! भिंती घामेजल्यात."

जावयाने दार उघडलं, आत नजर फिरवली आणि वर्षानुवर्षं घोकलेलं वाक्य बोलला. "गरम भांडं झाकण न लावता ठेवलंत का आत? वाफ जाणार कुठे? भिंतीवरच बसणार."

बोलला आणि हात दारावरच राहिला.

"काय झालं?" बाईने विचारलं.

"दोन भांडी," तो म्हणाला.

"दोन नाही, एकच. आमटीचं."

"तुमचं नाही हो."

दोन गरम भांडी. रात्रंदिवस ठेवलेली, झाकण नसलेली, कधीही न निवणारी. वर मुतणारी. आणि दाराला नवंकोरं रबर.

दोष

तो आला तेव्हा सासूबाई मागच्या अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. ठकी मांडीवर पंच्यात गुंडाळलेली, पिचकारी हातात. मामलेदारीण शेजारी टोपलीत. बॅग दाराशी.

"आई, थंडीने नाही झालं हे. आतल्या वाफेने झालं. वाफेला वरून निघायला वाटच ठेवली नाही मी."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "शीट पुसताना फडकं पिळावं लागायचं रोज."

"रोज? मग बोलला का नाहीत?"

"जावयाच्या धंद्यात सासूने बोलू नये."

"अहो, जीव जायची वेळ आली तिच्यावर!"

"माझ्या नवऱ्याच्या धंद्यात माझी आई बोलली होती एकदा. तो तिच्या दारात पुन्हा गेला नाही. कळलं?" त्यांनी ठकीच्या ओठाशी पिचकारी नेली. "मला इथे राहायचं होतं ना. म्हणून जीभ चावली."

हे जावयाला नवीन होतं. त्यांना राहायचं होतं म्हणून त्या गप्प होत्या, आणि त्या राहाव्यात म्हणून तो फटी बुजवत होता.

"मी नाही तसा," तो म्हणाला. "बोला. आत्ता बोला."

दुरुस्ती

"रबर काढा आधी."

त्याने रबर ओढून काढलं. नवंकोरं होतं, तरी काढलं.

"ती शीट काढून जाळी लावा. बारीक. तिरक्या पावसासाठी वरून पडदा सोडता येईल असा."

"लावतो."

"भोकं वर पाहिजेत, दोन्ही टोकांना. वाफ वर जाते. खाली पाडलीत तर वारा थेट ह्यांच्या अंगावर."

त्याने ड्रिल लावलं. "इथे?"

"वर."

"इथे?"

"वर म्हणते मी! भिंत संपली का तुमची?"

आवाज ऐकून लेक बाहेर आली. आई नवऱ्यावर ओरडतेय म्हणून ती घाबरली. नवरा मुकाट्याने भोकं पाडतोय हे पाहून उंबऱ्यातच थांबली. भोकांच्या कडांतून पिवळा फोम दिसत होता.

"तो झाका पत्र्याने, नाहीतर ह्या कुरतडून पोटात घालतील," सासूबाई म्हणाल्या. मग खाली वाकून बघत, "अगं बाई. गिळलं. हे बघ, गिळलं हिने."

"बरी होईल?" लेकीने विचारलं.

"आत्ताच काय सांगू? आधी हे वाळू दे." त्यांनी काठीने अंगणाच्या पलीकडच्या भिंतीकडे दाखवलं. "आणि जावईबापू, उन्हाळ्यात हे इथे चालायचं नाही. दुपारी ऊन थेट येतं. त्या भिंतीकडे हलवायचं."

"इतकं जड? हलवणार कोण?"

"तुम्ही," सासूबाई म्हणाल्या. "मी सांगेन कसं ते."

लेकीने दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि आत नेली.