मान वर करण्याआधी

हालचालीच्या आलेखावरची पिवळी रेघ आधी एका ठिपक्यापाशी खाली घसरायची, मगच वर चढायची – आणि तिच्यामागोमाग कॅमेऱ्यातून पडद्यावर दिसणाऱ्या रोबोची मान. खाली... मग वर. रोबोच्या हालचाली आखणारी दीपा सकाळपासून हेच बघत होती. डोळे चुरचुरत होते, आर्णीतल्या घरातल्या त्या खोलीतला पंखा गरम वाराच फिरवत होता, आणि पुण्याहून तिचे साहेब, नंदकिशोर सर, शांतपणे म्हणाले होते की दवाखान्याच्या दारात लोकांचं स्वागत करणारा रोबो थकलेला दिसून कसं चालेल; संध्याकाळपर्यंत तो ताजातवाना झाला नाही, तर घरून काम बंद, पुण्याला या. पुण्याला – म्हणजे आईला इथं एकटं टाकून.

तिनं वेग वाढवला, पापण्या हलक्या केल्या. थकवा काही हटेना. खोड तिचीच, जुनी होती. आधीच्या नोकरीत व्हिडिओ गेममधली माणसं हलवता हलवता हात बसला होता : उडी मारायची तर आधी वाकायचं, वर बघायचं तर आधी खाली. गेममध्ये ते डौलदार दिसायचं. खऱ्या मोटरवर, खऱ्या वजनाच्या मानेत, त्याच झुकण्याचा सुस्कारा व्हायचा. रेघेला खाली ओढणारा तो ठिपका पुसला की झालं. इतकं सोपं... मग बोट का अडतंय माझं?

आई चहा घेऊन मागे कधी उभी राहिली, कळलंच नाही. बराच वेळ पडद्याकडे बघून ती म्हणाली, “हा कापूस येचून आला काय वं?”

दीपाला हसू आलं, आणि तसंच विरलं. कापसाच्या शेतात, पऱ्हाटीच्या ओळीत वाकलेली आई – बांधावरून कितीही हाका मारा, लगेच बघायची नाही. आधी मान खाली, मुठीतला कापूस ओटीत, मग वर. तेवढं थांबण्याचा लहानपणी किती राग यायचा. आणि तेच झुकणं आपण गेममधल्या राण्यांना, राक्षसांना, सगळ्यांना देत आलो...

तिनं ठिपका पुसला. रोबोनं झटकन वर पाहिलं, टवटवीत, साहेबांना हवं होतं अगदी तसं. आता पुण्याला जायला नको. तरी तिला बरं वाटेना.

“आता हात रिकामे झाले त्याचे,” कप ठेवता ठेवता आई म्हणाली – बरं म्हणून की वाईट म्हणून, कोण जाणे – आणि आत गेली.

थोड्या वेळानं आतून हाक आली, “दीपा, च्या थंडा होऊन राह्यला.”

उत्तर द्यायला तिनं मान वर केली, आणि तिच्या लक्षात आलं, मान आधी खाली गेली होती. हातात तर काहीच नव्हतं.