चेकरबाईंची तीन टिंबं

“तो माणूस इथं असेल, तर मी एकाही डब्याला हात लावणार नाही,” चेकरबाई म्हणाल्या आणि पर्स काखेत घट्ट धरून दारातच उभ्या राहिल्या.

भाचीनं कपाळाला हात लावला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ही खोली मिळवता मिळवता तिच्या नाकी नऊ आले होते. टेबलावर ‘सात खिडक्या’ या सिनेमाच्या उरलेल्या एकुलत्या एक प्रिंटची चौदा रिळं पत्र्याच्या डब्यांत रचून ठेवली होती. मागच्या भिंतीशी एक जुना प्रोजेक्टर होता आणि त्याच्यावर वाकून लोकरी टोपी घातलेला एक म्हातारा भिंग पुसत होता. टोपीचा रंग पार उडाला होता, पण टोपी तीच. बाईंनी ती लांबूनच ओळखली.

“मावशी, हळू. ऐकतील ना ते.”

“ऐकू दे की! नवं काय सांगतेय मी? तीस वर्षांपूर्वी लिहूनच दिलंय.”

“अगं, पण हा प्रोजेक्टर चालवणारं दुसरं कोणी उरलेलंच नाही. आणि फिल्म तपासणारं तुझ्याशिवाय कोणी नाही. उद्या चाळीस माणसं येणार आहेत. त्यांना काय नुसते डबे दाखवू?”

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. ऐकू न आल्याचं सोंग, बाईंच्या मनात आलं. तेव्हाही तो असाच मख्ख होता.

बाईंची एकतीस वर्षं सिनेमाच्या एका वितरकाकडे गेली होती. थिएटरांतून परत आलेली प्रत्येक प्रिंट त्यांच्या टेबलावर यायची. डावीकडच्या चाकावरची फिल्म उजवीकडच्या चाकावर गुंडाळत जायची आणि तिची कड अंगठा नि बोटाच्या मधून सरकू द्यायची. फाटकं भोक किंवा चिरलेली फ्रेम बोटाला लागली की थांबायचं, तेवढा भाग कापायचा, दोन्ही टोकं खरवडून गोंदानं जोडायची. प्रत्येक जोडापायी इकडची एक नि तिकडची एक, अशा दोन फ्रेम तरी जायच्याच. त्याला इलाज नव्हता. आणि जोड बाईंचा असला की त्याच्या कडेला सुईनं टोचलेली तीन टिंबं असायची. ऑफिसात आणखी दोघी चेकर होत्या. उद्या त्यांचा उघडलेला जोड माझ्या नावावर खपवतील, या संशयापोटी बाईंनी पहिल्याच वर्षी ती पद्धत पाडली होती. संशय हा त्यांचा स्वभावच, आणि त्या कामाला तो चांगला मानवलाही.

‘सात खिडक्या’चा शेवट तेव्हा लोकांना पाठ होता. नायिका बॅग घेऊन घराबाहेर पडते, फाटकाच्या कडीवर हात ठेवते, वळून घराकडे बघते, जेमतेम तीन सेकंद, आणि निघून जाते. रिकामं फाटक हलत राहतं. एकदा मालकांनी पाहुण्यांसाठी तो सिनेमा लावला, तर ते वळून बघणंच गायब! हात कडीवर, आणि एकदम रिकामं फाटक. मालकांनी ऑफिस डोक्यावर घेतलं. प्रिंट शेवटची आली कुठून? टोपीवाल्या ऑपरेटरच्या थिएटरमधून. ऑपरेटर लोक नायिकांचे तुकडे कापून जवळ ठेवतात, हे तर जगजाहीर. बाईंनी त्याच संध्याकाळी लिहून दिलं: ‘ऑपरेटरने कात्रीने एक तुकडा कापून घेतला आहे.’ खाली ठसठशीत सही. त्या कागदावर त्याची नोकरी गेली. पुढे तो पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करत होता म्हणे.

“बरं, तपासते,” बाई अखेर म्हणाल्या. “पण मी या खोलीत असेन तेव्हाच तो असेल. मी पाणी प्यायला गेले तर यानंही बाहेर यायचं. आणि त्या पिशवीत काय आहे ते आधी बघायचं.”

“मावशी!”

“असू दे,” ऑपरेटर पहिल्यांदाच बोलला. त्यानं पिशवी टेबलावर ठेवून उघडली. आत धुऊन इस्त्री केलेले सुती हातमोज्यांचे दोन जोड निघाले.

हातमोजे! ठसे उठू नयेत म्हणून, बाईंना वाटलं, आणि लगेच आपण काय वाट्टेल ते विचार करतोय हेही वाटलं. फिल्मला हातमोजे लागतातच. त्यांचे स्वतःचे कधीच फाटून गेले होते.

“एक जोड तुम्हाला आणलाय,” तो म्हणाला.

बाईंनी ते उलटेसुलटे करून बघितले, बोटांच्या टोकांत काही दडवलेलं नाही ना तेही चाचपलं, आणि मग घातले.

भाची औषधांच्या दुकानात नोकरीला आणि सुटीच्या दिवशी चित्रपट मंडळाची चिटणीस. दर रविवारी इथं सिनेमाची वेडी माणसं जमत आणि एकेका सिनेमावर तावातावानं भांडत. भिंतीवर मास्तरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली ‘चर्चा व्हायलाच हवी असे पन्नास सिनेमे’ ही यादी टांगली होती. मास्तर म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. यादीत पहिल्या नंबरावर ‘सात खिडक्या’ होता.

“का म्हणे पहिला?” एक रीळ संपवून दुसरं लावताना बाईंनी विचारलं.

“शेवटामुळे,” भाची म्हणाली. “ती मागे वळून बघतच नाही! हात कडीवर, आणि पुढच्या क्षणी फाटक रिकामं. मास्तर म्हणतात, असा शेवट करायला दिग्दर्शकाची छाती पाहिजे.”

बाईंनी चमकून ऑपरेटरकडे बघितलं. तो प्रोजेक्टरच्या चाकात तेल सोडत होता. बघा कसा गप्प आहे, त्या मनात म्हणाल्या. याच्या घरात कुठल्या तरी डबीत ती नायिका अजून वळून बघत असेल, आणि इथं मास्तर दिग्दर्शकाच्या नावानं आरत्या ओवाळतायत.

दुपारपर्यंत तेरा रिळं झाली. भाची दुकानाची पाळी करायला निघून गेली. बाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या, म्हणजे टोपी सतत नजरेसमोर. दोनदा तो उठला, दोनदा त्यांचा हात थांबला. एकदा तो खिडकी उघडायला उठला होता, दुसऱ्यांदा बंद करायला.

चौदावं रीळ लावलं. सिनेमाचा शेवट रिळाच्या शेपटाला असतो, आणि मार सगळा शेपटालाच बसतो. जमिनीवर लोळतं ते शेपूट, गुंडाळताना फटकारतं ते शेपूट. बाईंनी चाक हळू केलं. बोटाला एक जोड लागला. कडेला तीन टिंबं. माझाच, त्या समाधानानं म्हणाल्या. अजून घट्ट आहे!

चार बोटं पुढे दुसरा जोड. तीन टिंबं.

त्याच्या लगेच पुढे तिसरा.

बाईंनी हातमोजा काढला. दिवा जवळ ओढला, भिंग डोळ्याला लावलं. हात कडीवर, मग जोड. मग दोनच फ्रेम: नायिकेची हनुवटी खांद्याकडे वळू लागलेली. जोड. तीन फ्रेम: गाल आणि एक डोळा. जोड. एक फ्रेम, नुसते केस. पुन्हा जोड. हातभर फिल्मवर सात जोड, आणि सातही जोडांच्या कडेला बाईंची टिंबं, सरळ ओळीत, जशी त्या टोचायच्या तशी.

कात्रीनं नेलेला तुकडा सबंध जातो. असा कण कण करून कोण नेतो? दर खेपेला शेपूट फाटून आलं, दर खेपेला बाईंनी दोन फ्रेम इकडच्या कापल्या, दोन तिकडच्या. जुना जोड उघडला की तो कापून नवा घातला, त्यात आणखी गेल्या. वर्षानुवर्षं. दिवसाला चाळीस रिळं, कोण लक्षात ठेवतो? तीन सेकंदांचं ते बघणं थेंब थेंब करून त्यांच्याच टेबलाखालच्या टोपलीत गेलं होतं.

“तुम्हाला ठाऊक होतं?” त्यांनी विचारलं. आवाज आपला नाहीच असं त्यांना वाटलं.

“हो,” ऑपरेटर म्हणाले. “टिंबं माझ्याही बोटाला लागायची ना. थिएटरच्या मॅनेजरला दाखवलीसुद्धा. तो म्हणाला, टिंबंबिंबं मला कळत नाहीत, चेकरबाईंचा कागद आलाय. तुमचा कागद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती हो बाई.”

“मग मला येऊन का नाही सांगितलंत?”

“आलो होतो की. दोनदा. पहिल्यांदा तुम्ही टेबलावरची कात्री पर्समध्ये टाकलीत. दुसऱ्यांदा शिपायाला हाक मारलीत.”

बाईंना ते आठवलं. कात्री पर्समध्ये टाकल्याचा आवाजसुद्धा आठवला. आणि त्याहून वाईट ते आठवलं: त्या संध्याकाळी मालक ओरडत होते, घरी जायला उशीर होत होता, आणि त्यांनी चौदावं रीळ टेबलावर घेतलंच नव्हतं.

“मी तपासलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “एकतीस वर्षांत एकच कागद न तपासता लिहिला. तो तुमचा.”

टोपी जरा मागे सरकवून ऑपरेटर खुर्चीवर बसले.

“नोकरीचं जाऊ द्या,” ते म्हणाले. “इस्त्र्यांवर भागलं आमचं. पण बायकोला शेवटपर्यंत वाटत होतं की तुकडा माझ्याकडेच आहे. म्हणायची, रागावणार नाही मी, एकदा दाखवा तरी. आजारपणातसुद्धा म्हणाली. काय दाखवणार हो मी?”

बाईंना रडू आवरेना. पण रडून हातातलं काम थोडंच सुटतं? डोळे पुसून त्यांनी शेपटाची दोन फाटकी भोकं दुरुस्त केली, या खेपेला एकही फ्रेम न कापता, नुसती पट्टी लावून.

रविवारी खोली गच्च भरली. प्रोजेक्टर एकच असल्यानं दर रिळानंतर दिवे लागत होते, तरी कोणी कुरकुरलं नाही. शेवट आला. हात कडीवर, निमिषभर काहीतरी थरथरलं, आणि रिकामं फाटक. टाळ्या पडल्या.

मास्तर उठून पुढे आले. “पाहिलंत? तो थरथराट पाहिलात? इथं दिग्दर्शक आपल्याला तिचा चेहरा नाकारतो! याला म्हणतात धाडस!”

“मास्तर, मला जरा बोलायचंय,” चेकरबाई उभ्या राहिल्या. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. “ते धाडस माझं आहे.”

दोघेतिघे हसले. बाई थांबल्या नाहीत. फाटकं शेपूट, दोन फ्रेम इकडच्या नि तिकडच्या, तीन टिंबं, सगळं त्यांनी सांगितलं. त्यांना भाषण येत नव्हतं, पण काम सांगता येत होतं. भाची तोंडावर हात ठेवून ऐकत होती.

“म्हणजे तीस वर्षं आम्ही ज्याच्यावर चर्चा केली...” मास्तरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी डोळे बारीक केले. “कशावरून? इतक्या वर्षांनी तुमची काही गफलत होत असेल.”

“रीळ इथंच आहे. भिंग देते. स्वतः बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका. माझ्या शब्दावर एकदा गेले लोक, आणि या गृहस्थांची नोकरी गेली. यांनी तुकडा चोरला असं मी लिहून दिलं होतं. ते खोटं होतं. यांनी काहीच नेलेलं नाही.”

चाळीस माना मागे वळल्या. ऑपरेटर रीळ उलटं गुंडाळत होते. त्यांनी चाक थांबवलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खाली बघत बसून राहिले.

मग चष्मेवाला एकजण म्हणाला, “काही म्हणा, शेवट असाच जास्त चांगला आहे!” दुसरा म्हणाला, “छे, वळून बघायलाच हवं!” आणि बघता बघता जो तो वादावर तुटून पडला. मास्तर भिंग घेऊन रिळावर वाकले ते तासाभरानंच सरळ झाले. जाताना ते ऑपरेटरांपाशी थांबले आणि त्यांचा हात हातात घेऊन गेले.

सगळे पांगल्यावर भाची खुर्च्या एकात एक घालत होती. ऑपरेटर डबे बंद करत होते.

“बाई,” ते म्हणाले, “ती वळून बघायची ते कसं, आठवतं का हो तुम्हाला? मी शेकडो वेळा दाखवलं, पण आता नीट डोळ्यांसमोर येत नाही. तिथं बायकोचंच तोंड येतं.”

“आठवतं,” बाई म्हणाल्या.

पर्स त्यांनी ऑपरेटरांच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि दारापर्यंत गेल्या. कडीवर हात ठेवला. मग सावकाश वळून त्यांनी मागे बघितलं, तीन सेकंद, मनात मोजून. भाची खुर्ची हातात धरून तशीच उभी राहिली.

“हनुवटी जरा खाली होती,” ऑपरेटर म्हणाले.

बाईंनी हनुवटी खाली घेतली, तोंड दाराकडे केलं आणि पुन्हा एकदा वळून बघितलं.